आईची चुणीवाली गोधडी

महाड, ३ डिसेंबर

माहेरून, कुडपणहून दुपारी परतले. काल आईच्या दहाव्याला तिचं अंथरूण-पांघरूण ओढ्याकाठी टाकलं. त्यात माझी पहिली गोधडी होती, गोधड्यांच्या दुकानातल्या मोठ्या मशीनवर शिवायला शिकत होते तेव्हाची. चौकटीवर कापड नीट ताणलं नव्हतं, म्हणून मधोमध चुण्या पडल्या. गिऱ्हाइकाला कशी देणार? आईला दिली. पुढे हात बसल्यावर तिला एक अगदी सपाट शिवून दिली, तर ती पेटीत गेली. "पावण्यांना होईल गो. मला ही सुरकुतलेलीच बरी, माझ्यासारखी!" झोप येईपर्यंत त्या चुण्यांवरून बोटं फिरवायची.

काल मी ती मागितली. काकी म्हणाली, "गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत नाय. पेटीत चांगली हाय ना, ती ने."

संध्याकाळी दुकानात आईचं जुनं लुगडं चौकटीवर मुद्दाम सैल लावलं. तशाच चुण्या हव्या होत्या. पण मशीन सुरू झालं की हात आपोआप कापड सारखं करतात. उसवलं, पुन्हा लावलं. पुन्हा सपाटच आलं. तसं शिवणं आता मला येत नाही.