सिलिंडरखालचे दोन पत्रे

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. अक्षर थेट बापाचं, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं. चष्मा लावून दोनदा वाचलं तेव्हा कुठं कळलं, की तू गाडीसाठी मोठं इंजिन आणलंयस आणि त्यावर एकही पत्रा नाही. तुझ्या जुन्या लहान इंजिनाचे पत्रे काढून याला चढवू का, असं विचारतेस. आणि शेवटी लिहितेस, बाबांना हातही लावू देणार नाही, त्यांच्या हातून आजोबांच्या गॅरेजातलं एक इंजिन जळलं होतं. ते वाचल्यापासून माझं डोकं ठणकतंय. पण आधी पत्र्यांचं सांगते, नाहीतर तू धीर न धरता पान्हा घेऊन बसशील.

तुझ्या या गाडीच्या इंजिनाला थंड करायला पाणी लागत नाही, ती वाऱ्यावर थंड होते. पंखा वारा ओढतो आणि पत्रे तो जिथं पाहिजे तिथं नेतात. लोकांना वाटतं ते नटवायला लावलेत. पत्रा नसला की वारा मोकाट सुटतो आणि सिलिंडर वांग्यासारखा भाजून निघतो. लहानाचे पत्रे मोठ्यावर बसतात. बसतात म्हणजे भोकं जुळतात, एवढंच. तुझ्या जुन्या पंख्याच्या घरात तेल थंड करायची जाळी मधेच उभी आहे, ती तिसऱ्या सिलिंडरचा वारा अडवते. लहान इंजिन ते सोसतं, मोठं सोसत नाही. नव्या पद्धतीत जाळी बाजूला असते, तिला वेगळी खोली असते आणि तिचा गरम वारा बाहेर काढायला आणखी एक पत्रा. तेव्हा ते नव्या पद्धतीचं घर जाळी आणि पंख्यासकट शोधून आण. सिलिंडरवरची पत्र्याची झाकणं तुझ्या जुन्या इंजिनाची लावून बघ. जमली नाहीत तर कात्री चालवू नकोस, दुसरी मिळतात.

आणि सिलिंडरच्या खाली दोन पत्रे असतात, तळहाताएवढे. दिसायला भंगार. ते नसले तर वारा वरच्या वर निघून जातो आणि सिलिंडरची खालची बाजू जळते. ते हेड, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरचं जड टोपण, बसवायच्या आधी घालायचे. हेड आवळल्यावर देव आला तरी ते आत जात नाहीत.

मी चौथी शिकलेली बाई, हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. आमच्या गॅरेजात पत्र्यांचं काम माझं होतं. रॉकेलमध्ये धुवायचे, पोचे ठोकून काढायचे, काळा रंग द्यायचा, वाळवायचे. मग एका जुन्या चादरीवर मी ते बसवायच्या क्रमानं मांडायची. चादर रिकामी झाली की इंजिन पुरं, अशी आमची पद्धत. परत कुणी तपासत नसे. तुझा आजोबा चारचौघांत सांगायचा, की बायकोच्या चादरीत चूक निघत नाही. घरात मात्र कधी तोंडातून चांगला शब्द काढला नाही, तो भाग वेगळा.

तू म्हणतेस ते जळलेलं इंजिन तुझ्या बापाचं पहिलं पुरं इंजिन. बावीस वर्षांचा होता. गाडी शाळेतल्या मास्तरांची, इंजिन मोठं, पत्रे तीन ठिकाणांहून जमवलेले, तुझ्यासारखंच कडबोळं. आजोबा पाठ धरून आत झोपलेला. मी त्याला शेक द्यायची, स्वयंपाक बघायची आणि पुन्हा रॉकेलमध्ये हात घालायची. आठ दिवस असं चाललं होतं. मला उभ्या उभ्या झोप यायची. ते दोन पत्रे मी खिडकीत वाळत ठेवले आणि साफ विसरले. तुझा बाप हेड हातात घेऊन थांबला. म्हणाला, "आई, खालचे दोन दिसत नाहीत." मी मान वर न करता म्हणाले, "सगळं चादरीवर आहे. डोकं खाऊ नकोस."

त्यानं हेड आवळलं. त्याला वाटलं असेल, या जातीच्या इंजिनाला ते नसतील. माझ्या चादरीवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा.

संध्याकाळी खिडकी लावायला गेले तर दोन्ही पत्रे तिथं, वाळून खडखडीत. बोलले असते तर सगळं पुन्हा उतरवायचं. अंगात जीव नव्हता. आणि खरं सांगू, माझ्या चादरीत चूक निघाली हे मला बोलवेना. मी ते भंगारात टाकले.

पंधरा दिवसांनी मास्तरांची गाडी चढावर बंद पडली. तिसरा सिलिंडर तापून धरला, दट्ट्या आतच अडकला. आजोबानं पाठीला पट्टा बांधून स्वतः इंजिन खोललं, खालचे दोन पत्रे नाहीत हे बघितलं आणि दोन गिऱ्हाइकांसमोर तुझ्या बापाला म्हणाला, की तुझ्या हातात झाडू देतानासुद्धा विचार करावा लागेल. तुझ्या बापानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी बोल्ट पुसत होते, पुसतच राहिले. आपण विचारलं होतं, हे तो बोलला नाही. त्या आठवड्यात बॅग उचलून गेला. आता ऑफिसात कागद फिरवतो. मला फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, बापाचं नाव काढत नाही. म्हाताराही काढत नाही. दोघांच्या मधे चोवीस वर्षं मी निरोप्या. दमले गं.

तर हे सगळं त्या तुझ्या एका वाक्यासाठी. त्याच्या हातून काही जळलं नाही, माझ्या तोंडामुळं जळलं. हे पत्र त्याला वाचायला दे, आणि हेड बसवायच्या आधी त्याला शेजारी बसव. तो थांबला तर तूही थांब. आज सकाळी चहाच्या वेळी मी म्हाताऱ्याला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं कप भिरकावेल. त्यानं नुसतं विचारलं, तेव्हा का नाही बोललीस. मी म्हणाले, तुम्ही मला बोलला असतात म्हणून. त्यानं उरलेला चहा संपवला. मग त्यानं तुझ्या बापाचं वय विचारलं. सेहेचाळीस, मी म्हणाले. तर म्हणाला, "एवढा झाला?" आणि उठून दाढी करायला गेला. एरवी दाढी रविवारीच; आज रविवार नाही, कुठं जायचंही नाही. त्याच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही, पण तुझ्या बापाचा फोन आला तर या वेळी मी उचलणार नाहीये, म्हाताऱ्याला उचलू दे. बापाला सांगून ठेव.

तुझीच,
आजी