छाती धडधडत नाही

बाई, तुम्ही शिकवलेला एक शब्द परवा मंचरच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आणि भ्यालेच. साखरेनं माझ्या ‘ऑटोनॉमिक’ नसा बिघडल्यात म्हणे. बसल्या जागेवरून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी कोसळते, ते त्यामुळंच.

निरगुडसरच्या शाळेत तुम्ही माझा हात माझ्याच छातीवर ठेवला होता. “हे तू चालवतेस का गं?” मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. “मग याला म्हणायचं स्वायत्त. स्व म्हणजे आपण, आयत्त म्हणजे ताब्यातलं. ग्रीकांचा ऑटोनॉमिकही तसाच. ऑटो म्हणजे स्वतः, नोमोस म्हणजे नियम. आपल्या नियमानं चालतं, तुला विचारत बसत नाही. वाघ दिसला तर तू ठरवायच्या आधी हे धडधडायला लागेल.” आम्ही सगळ्या फिदीफिदी हसलो. तेव्हा इथं वाघ कुठला, बाई?

आता उसाउसात बिबटे आहेत. सावडीनं एकमेकींच्या रानात खुरपायला जातो ते गळ्यात काट्यांचे पट्टे बांधून, कारण तो मान धरतो. वनखात्याचा माणूस बजावून गेलाय, “बसलेल्यावर येतो तो. दिसला की उभं ऱ्हावा, हात वर करा, वरडा.” आणि खुरपणं तर बसूनच!

काल माझ्या कांद्यात आला. उसातून निघून बांधावर थांबला, आमच्याकडं बघत. सगळ्या जणी ताडकन उठल्या, ओरडल्या. मी बसलेलीच. उठले असते तर तिथंच पडले असते, आणि पडलेल्या बाईला तो सोडतोय का? खुरपं धरून नुसती बघत राहिले. आई गं, एवढी भीती जन्मात वाटली नव्हती. मग तो वळून उसात गेला.

शेजारीण जवळ आली. “माझं काळीज बघ कसं उडतंय,” म्हणत तिनं माझा हात स्वतःच्या छातीवर धरला आणि आपला माझ्या छातीवर ठेवला. “अगं बया, तुझं तर हललं बी न्हाई! लई धीराची तू. उद्या उसाकडचा वाफा तूच धर.”

मी हो म्हटलं. धीर कसला, नसाच बिघडल्यात, हे खरं सांगितलं तर सावडीत घेणार नाहीत, मग माझं रान एकटीनं खुरपायचं, ते तर आणखी भ्याव.

तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, हे पत्र कुठं धाडू? घडी करून डब्याखाली ठेवीन. बायका हाका मारतायत. पट्टा बांधून उंबऱ्यातच उभी आहे, बाई. एका हातानं हे लिहितेय, दुसरा छातीवर आहे. धडधडेल म्हणून वाट बघतेय.