नव्वदपासून सुरू होणारा आलेख

सोमवार, १ डिसेंबर
आजपासून रोज रोजनिशी. पर्यवेक्षक होणाऱ्या माणसाला शिस्त हवी. जागा जानेवारीत भरणार. संध्या मॅडमही इच्छुक आहेत, पण त्या मराठी शिकवतात, मी गणित. शाळेच्या गेटवरचा फ्लेक्स माझ्या डोक्यातून निघालाय. दहावीचा निकाल गेल्या वर्षी ९१ टक्के, यंदा ९३. मी आलेख शून्याऐवजी नव्वदपासून सुरू केला, त्यामुळे यंदाचा खांब थेट तिप्पट उंच दिसतो. अख्ख्या अंबरनाथात चर्चा असणार.

बुधवार, ३ डिसेंबर
मुख्याध्यापिका वृंदा मॅडमनी बोलावलं. वाटलं, झालं काम! त्या म्हणाल्या, सातवीला फसवे आलेख ओळखायला शिकवा. वीस तारखेला प्रदर्शन. संस्थेचे अध्यक्ष येणार. ते खूश झाले तर पर्यवेक्षक तुम्हीच. लगेच हो म्हटलं. बाहेर आलो तर समोर फ्लेक्स. पण माझा आलेख फसवा नाही, प्रोत्साहनपर आहे.

सोमवार, ८ डिसेंबर
तास जबरदस्त झाला. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. आकडे कुठून सुरू होतात? खांबांची उंची आकड्यांशी जुळते का? आलेख कुणी काढला? गृहपाठ: आपल्या भागातली एक फसवी आकृती शोधा. शाळेत शोधायची गरज नाही, असं दोनदा बजावलं. दोनदा नको होतं.

गुरुवार, ११ डिसेंबर
अक्षयने चिखलोलीच्या एका टॉवरची जाहिरात आणली. नकाशात स्टेशन बिल्डिंगला चिकटलेलं. स्टेशन अजून व्हायचंय! टाळ्या. मग तेजलने वहीत चिकटवलेला फोटो दाखवला. आपलंच गेट. म्हणते, सर, हा तर एकच नंबर फसवा आलेख सापडलाय. मी म्हटलं, हा प्रकार वेगळा. कुठला, तिने विचारलं. पुढच्या वर्षी शिकाल म्हटलं. तिने तेही लिहून घेतलं.

शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी ६.४०
फ्लेक्स उतरवायला गेलो. वॉचमन म्हणाला, मॅडमची सही आणा. सही मागायची तर कारण द्यावं लागणार. कारण दिलं तर पद गेलं. नाही दिलं तर वीस तारीख आहेच.
दुपारी सुचलं: प्रदर्शनासाठी तेजलला टॉवरचा विषय द्यायचा. ती म्हणाली, तो अक्षयचा आहे, सर, मी कसा घेऊ?

मंगळवार, १६ डिसेंबर
निर्णय झाला. तेजलला कमी मार्क द्यायचे, म्हणजे तिचा तक्ता प्रदर्शनात लागणार नाही. तासभर तिची वही धरून बसलो. एक चूक सापडेना. दहापैकी दहा दिले. 'आलेख कुणी काढला?' या तिसऱ्या प्रश्नापुढे तिने 'चौकशी चालू' लिहिलंय. लेकरू कुठे चौकशी करणार?

शनिवार, २० डिसेंबर
तेजलचा तक्ता दारातच. अध्यक्ष थांबले. शाळेचा हा आलेख कुणी काढला, त्यांनी विचारलं. मी पटकन म्हटलं, उल्हासनगरच्या फ्लेक्सवाल्याने, त्याला काय कळतंय. तेजल म्हणाली, नाही सर, मी बाबांसोबत त्याच्या दुकानात जाऊन आले. तो बाबांना म्हणे, साईं, अपन सिर्फ छापता है, डिझाइन पार्टी देती है. आणि त्याने जपून ठेवलेला कागद तिने तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात लावला होता. माझं अक्षर: 'खालचे नव्वद कापा. यंदाचा खांब दणकून उंच करा. – जयदेव सर.'
तक्त्याला पहिलं बक्षीस.

सोमवार, २२ डिसेंबर
जानेवारीची वाटही पाहिली नाही. संध्या मॅडम पर्यवेक्षक.
मधल्या सुट्टीत तेजल आली. डोळे भरलेले. म्हणाली, सर, मला वाटलं तुम्ही तो आलेख मुद्दाम तसा केला होता, आम्ही शोधून काढावा म्हणून.
एकोणीस वर्षांत माझं शिकवणं एवढं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. तिला तरी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हो, मुद्दामच.
हे मात्र तिने लिहून घेतलं नाही. मग 'बरं, सर' म्हणून गेली. तिला पटलं नव्हतं. फार लाज वाटली.