कॉर्नरमागचं कुंपण

दादा,

फुटबॉल क्लबच्या केससाठी तू पाठवलेले पैसे पोचले. वकिलाच्या फीत ते गेले आणि तिजोरी पुन्हा रिकामी झाली. शेजारचा गोदामवाला म्हणतो, "माझ्या जमिनीची पट्टी सोडा, केस मागे घेतो." पण कमिटी अडून बसलीय, कारण मैदानाचा माळी म्हणून मी शपथेवर सांगितलंय की कुंपण तसूभरही हललेलं नाही.

हललंय रे. मीच हलवलंय.

आठवतं, कॉर्नर घेताना तुझी पाठ तारेला घासायची? "धावायला जागा नको का, गाढवा?" म्हणून माझ्यावरच खेकसायचास. मग दर उन्हाळ्यात तार बदलताना मी त्या कोपऱ्यातले खांब वीतभर मागे रोवायचो. सात वर्षांत तुझ्या दोन पावलांची चार झाली. तुझा चेंडू वळून जाळ्यात शिरला की अख्खी गॅलरी उठायची, आणि मी चुन्याचे हात पुसत गालात हसायचो.

आज ते खांब जुन्या जागी रोवले. उद्या कमिटीला खांब मीच सरकवल्याचं सांगेन, कुणासाठी ते नाही. तुला मात्र हे पत्र टाकणार नाही. ते गोल तुझ्याच पायाचे राहू देत.

काम झाल्यावर कोपऱ्यावर तुझ्यासारखा उभा राहिलो. पाठ तारेला घासली.

तुझाच,
गाढव