हातभर काड्या, चाळीस मीटरची लाट

२४ जुलै

गेला! नको म्हणत होते तरी गेला. सांगलीच्या तहसील कचेरीतून फोन आला — पाटणच्या बाजूला दरड कोसळलीय, मोबाईल बंद, लाईट नाही, कुणी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौशी वायरलेसवाला, असेल तर पाठवा. जिनेंद्र तयारच बसलेला. तिथल्या एका वाडीत आकारामभाऊ राहतात, पलटणीत सिग्नलला होते, ओळख सगळी रेडिओवरचीच, पण आता त्यांचा सेट बिघडलाय. त्यांच्याकडे उतरायचं आणि वाडीची खबर बाहेर द्यायची. "मधे डोंगर आहेत, सात मेगाहर्ट्झवरच जमेल. सकाळ-संध्याकाळ हाक मारतो." लायसन्स आम्हा नवरा-बायको दोघांचंही आहे, त्यामुळे घरचा सेट माझ्या गळ्यात.

गच्चीवरची अँटेनाची लांब तार बेंदराच्या आधीच उतरवली होती. बैलांच्या मिरवणुकीत ट्रॉलीवरचे स्पीकर अडकतात म्हणून गल्लीतली पोरं मागे लागली होती. ती गुंडाळी त्याने पिशवीत टाकली. मग इथं काय? तर हसत वर बोट — "हा आहे की! सगळं धरतो." हा म्हणजे नवा डिस्कोन अँटेना, छत्रीच्या काड्यांसारखा सांगाडा. खोक्यावर लिहिलंय — पंचवीस ते तेराशे मेगाहर्ट्झ. सात हे पंचवीसच्या खाली येतं हे त्यालाही कळतं आणि मलाही. "ट्यूनर लावला की चालतंय गं!" गाडी दारात, पाऊस डोक्यावर. वाद घातला नाही.

२५ जुलै

संध्याकाळी हाक मारली. ट्यूनर फिरवला, परत येणारी लाट दाखवणारा काटा एकदम खाली बसला. म्हणजे सेट खूश. चीनच्या सरकारी रेडिओवरची एक बाई बारीक आवाजात काहीतरी बोलत होती, म्हणजे कानही शाबूत! जिनेंद्र मात्र नाही. पोचायला उशीर झाला असेल.

खालच्या मजल्यावरच्या शालूबाई गाठोडी घेऊन वर आल्या. पुराचं पाणी चौकात आलंय. त्यांचे यजमान म्हशी घेऊन कवठे महांकाळला बहिणीकडे गेलेत. "तिकडं पाण्याचा थेंब न्हाई, अन् हितं बघा," म्हणाल्या. दोघी हसलो. मला आतून हसू येत नव्हतं.

२६ जुलै

नाही.

२७ जुलै

खालचा मजला पाण्यात. लाईट गेली, फोनही मेला. सेट गाडीच्या बॅटरीवर घेतलाय.

वरच्या फ्रिक्वेन्सीवर हा डिस्कोन झकास चालतो. लोकांना बाहेर काढणाऱ्या बोटवाल्यांचं बोलणं शेजारच्या खोलीतल्यासारखं येतं. जयराज त्यांच्याबरोबर असतो, आमच्याच रेडिओ क्लबातला मुलगा, हातातला छोटा सेट घेऊन. त्याला विचारलं. म्हणाला, "वहिनी, त्या बाजूला परत दरड आलीय म्हणत्यात. वाडीचं नाव न्हाई कळलं."

सकाळी हाक मारली. दुपारी मारली. ठरलेली वेळ नव्हती तरी मारली. ती चिनी बाई बोलतेय, आणि माझा माणूस बोलत नाही. चीन ऐकू येतो मग पाटण का नाही? याचं उत्तर एकच सुचतं आणि ते मी इथे लिहिणार नाही. शालूबाईंनी भात पुढे केला. तसाच झाकून ठेवला. णमोकार मंत्र म्हणायला बसले तर मधेच शब्द विसरले. लहानपणापासून पाठ असलेले शब्द! भीती माणसाला असं करते हे माहीत नव्हतं.

२८ जुलै

सकाळी परत काही नाही. डोकं फिरलं. गच्चीवर गेले आणि डिस्कोनच्या बुडातून केबल उपसली. रागाने. मोडूनच टाकणार होते. खाली आले तर — चिनी बाई तितक्याच जोरात बोलतेय!

अँटेना नाही, तरी फरक नाही. म्हणजे सात मेगाहर्ट्झवर चार दिवस जे काही ऐकू येत होतं ते त्या केबलच्या जिवावर. वरचा सांगाडा नुसता शोभेचा! बारावीच्या पोरांना मी फिजिक्स शिकवते. सात मेगाहर्ट्झची लाट चाळीस मीटरची, आणि याच्या काड्या हातभर. एवढ्याशा काड्यांतून एवढी लाट बाहेर पडतच नाही, दारातूनच माघारी येते. ट्यूनर तिला परत वर ढकलतो, ती परत खाली येते, आणि जोर सगळा केबलीत मुरतो. काटा खाली म्हणजे सेटची समजूत पटली, एवढंच. बाहेर काय गेलं ते काटा सांगत नाही. सरकारी रेडिओचा दणका मोठा, म्हणून तो तसाही पोचतो. जिनेंद्रचा सेट केवढासा!

मग तो असेल! तो हाक मारत असेल आणि मीच बहिरी असेन! जिन्यात बसून रडले. चार दिवसांत पहिल्यांदा रडले.

शालूबाईंना म्हटलं, तार पाहिजे, लांब, गच्चीपासून पलीकडच्या नारळापर्यंत. त्या गाठोड्यात हात घालून म्हणाल्या, "ह्येंचं तांब्याच्या तारंचं रीळ हाय की, मोटार रिपेरीचं. दुकानातनं तेवढंच वाचवलंय बगा. घ्या लागंल तेवढी." मोटारीच्या तारेवर लेप असतो, तो विळीवर खरवडून काढला, नाहीतर जोड धरत नाही. खरवडताना बोट कापलं. अर्धी बांधून होते तोवर पावसाने झोडपलं, शिडीवर उभं राहता येईना. शालूबाईंनी पदर धरून खाली ओढलं. "आवं बाई, तुमी पडलासा तर जिनेंद्रशेठना सांगणार कोण?"

उरलेली उद्या उजाडताच. असू दे रे तो. बाकी मला काही नको.

२९ जुलै

तार चढली. पहिल्याच हाकेला उत्तर! आवाज आकारामभाऊंचा.

"वैनी? तुमी... तुमी हाय व्हय?" आणि पलटणीतला तो माणूस हुंदके द्यायला लागला. "आवं, शेठनं रोज हाका मारल्या. तुमचा एक सबूद न्हाई. त्यात कुनीतरी सांगितलं, तुमची गल्ली बुडाली. काल सकाळी सेट माज्या हातात दिला अन् निगालं तुमास्नी हुडकाया. मिळंल त्या गाडीनं, न्हाईतर चालत. लय इनवलं, ऐकलं न्हाई."

सांगलीत यायचे सगळे रस्ते पाण्याखाली आहेत. जिनेंद्रला पोहता येत नाही.