आता कार्बोरेटर ती ऐकते

अप्पा, तुम्ही गेल्यावर मी एक गाडी घेतली. विलायती आहे, दोन माणसांची, बुटकी, वरून उघडी. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, "आणि पाऊस आला मंजी?" मी सांगितलं असतं की कापडाचा टप आहे, पण तो चढवून होईतो पाऊस येऊन गेलेला असतो, आणि तुम्ही तोंडावरून हात फिरवत हसू लपवलं असतं. बिद्रीकडच्या एका मळ्यात, गोठ्याच्या पडवीत, वैरणीखाली ती पडलेली होती. सीटा उंदरांनी खाल्लेल्या, तळाचा पत्रा सडून खालची जमीन दिसत होती, आणि पुढच्या दिव्याच्या खोबणीत एक कोंबडी अंडी घालत होती. पण इंजिन हातानं फिरत होतं. तेवढ्यावर मी ती घेतली. मॅन्युअल मागवलं, शेजारी डिक्शनरी ठेवून वाचलं, प्रत्येक नट काढला आणि प्रत्येक नट परत त्याच जागी बसवला. पार्ट मिळत नव्हते ते आपल्या उद्यमनगरात ओतून घेतले, मशिनिंग स्वतः केलं. तुम्ही मला वर्कशॉप काढताना दिलेले इंची पाने आठवतात? ते या गाडीला सगळीकडे लागत नाहीत, कारण इंचातही दोन जाती असतात आणि या गाडीत दोन्ही आहेत. पण कार्बोरेटरपाशी काही नट असे आहेत की तिथं तुमचाच पाना बसतो, दुसरा लावला तर नटाचे कान जातात. मला कुणी शिकवलं नाही, असं मी लोकांना सांगतो. लोकांना ते आवडतं, आणि मलाही सांगायला आवडतं.

तुम्ही आयुष्यभर ऑइल इंजिनं तपासलीत, म्हणून तुम्हाला एक गोष्ट नीट सांगतो. या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. एक जास्त ओढायला लागला की दुसरा आळसावतो, आणि मग गाडी उभ्या जागी स्लोवर थरथरते, चढाला रडते. ते मोजायचं उपकरण मिळतं. मी ते कधी घेतलं नाही. हातभर रबरी नळी, तिचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत 'सूं' असा बारीक आवाज येतो, कपड्यातून सुई ओढल्यासारखा. या तोंडाचा आवाज आणि त्या तोंडाचा आवाज एक होईपर्यंत स्क्रू केसभर केसभर फिरवत राहायचं. कोल्हापुरात जुन्या गाड्यांची हौस असणारे जे थोडे लोक आहेत ते या कामासाठी माझ्याकडे येतात. त्यातले एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांची गाडी माझ्या गाडीची थोरली बहीण. ते चारचौघांत म्हणतात, "ह्यांच्या कानाला सर्टिफिकेट लागत न्हाय." मी मान खाली घालतो, पण ऐकून घेतो.

यंदा दिवाळीनंतर सुनेला तुमच्या घेऊन राधानगरीकडं निघालो होतो. टप खाली, ऊन कोवळं, दोन्हीकडं उसाला तुरे आलेले. ती गाडीत बसताना अजून तेच म्हणते जे पहिल्या दिवशी म्हणाली होती, "ह्यात बसायचं म्हंजे पाटावर बसायचं." थोडं पुढं गेल्यावर ती इकडंतिकडं बघायला लागली.

"अहो, आत कुठं चिमणी बसलीय का?"

"कुठली चिमणी?"

"मघापासनं चिवचिव चाललंय की. तुमच्या पायाकडनं यायलंय."

"गाडी म्हातारी हाय. आवाज करणारच."

"म्हातारी खोकती. चिवचिवत न्हाय."

मी कान दिला. इंजिनाची भडभड येत होती, टायरांची घरघर येत होती, मागनं येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणंसुद्धा येत होतं. चिवचिव कुठंच नव्हती. वाऱ्यानं टपाचं कापड वाजत असेल, असं मी म्हणालो. ती मलकापूरची आहे, पटलं नाही तर गप्प बसायची त्यांच्याकडं पद्धत नाही. पण त्या दिवशी तिनं वाद घातला नाही, आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हाला खरंच ऐकू येईना?" अप्पा, तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

एका चहाच्या टपरीसमोर गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि पंखा दोन हातांत धरून हलवला. प्ले होता, पंखा जागेवर चांगलाच डुगडुगत होता. पंखा ज्या पाण्याच्या पंपावर बसतो त्याचं बेअरिंग गेलेलं होतं. तसंच घाटात नेलं असतं तर पंप जाम झाला असता, पाणी उकळलं असतं आणि ज्या इंजिनाला मी लेकरासारखं जपलं ते तिथंच बसलं असतं. बेअरिंग एका दिवसात असं जात नाही. कितीतरी दिवस ते किरकिरत असणार, आणि मी त्याच्यापासून वावभर अंतरावर बसून गाडी चालवत होतो. चहावाला लांबूनच म्हणाला, "पावणं, काय बिघडलं काय?" बायको म्हणाली, "काय न्हाय, दोन कप द्या." मी पट्टा जरा ढिला केला आणि सावकाश घरी आणली.

येताना वाटभर मला तुमचा टेस्टिंगचा शेड दिसत होता. मी कॉलेज सोडून एका वर्कशॉपमध्ये लागलो होतो तेव्हाचा दिवस. आमच्याकडं आलेलं एक इंजिन वाजत होतं, कुणाला कारण सापडत नव्हतं, म्हणून हातगाड्यावर घालून तुमच्याकडं आणलं. तुम्ही लोखंडी बेडवर चढवलेल्या इंजिनाजवळ उभे आहात, खाकी अर्धी बाही, मनगटापर्यंत काळं तेल. इंजिनं ओळीनं धडधडतायत, माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतायत. मी आमचं इंजिन चालू करतो आणि ओरडतो, "अप्पा, बारीक टिकटिक येतीय बघा. ऐका की." तुम्ही ऐकत नाही. तुम्ही डावा तळहात इंजिनाच्या अंगावर ठेवता, डोळे मिटता, हात थोडा वर सरकवता, थोडा खाली, आणि म्हणता, "वरचा रॉकर." मी परत म्हणतो, "पण आवाज तर खालनं यायलाय." त्यावर तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणता, "वाजतंय ते कुत्र्यालाबी कळतंय. हाताला इचार. कानाला काय इचारतोस?" भोवतीची माणसं हसली. एकजण म्हणाला, "मास्तर, पोरगं कॉलेजात गेलतं, त्याला कुत्र्याएवढं तरी कळू द्या." रॉकरच निघाला. पण मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी ठरवलं, आपण कानच तयार करायचा. असा करायचा की इंजिनाच्या पोटातली सुईसुद्धा ऐकू यावी. तो केला. इतकी वर्षं माझी सगळी ऐट त्या कानावर चालली.

टपरीसमोर पंखा हलवताना, कानाला न कळलेला तो प्ले हाताला लागला तेव्हाच मला एकाएकी उमगलं होतं, तुम्हाला त्या दिवशी टिकटिक ऐकूच येत नव्हती. आमच्यापैकी एकालाही संशय आला नाही. ज्या माणसाला कारखान्यानं त्याच्या कानांसाठी ठेवलं होतं, त्याचे कान गेलेले होते, आणि तो माणूस हातावर भागवत होता. मला शिकवत होता असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही मला गप्प करत होता, कारण मी आणखी दोनदा 'ऐका की' म्हणालो असतो तर उघडं पडलं असतं.

मग एकेक आठवायला लागलं. आई कुकर लावून देवळात जायची आणि तुम्हाला शेजारी पाटावर बसवून सांगायची, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. तुम्ही पेपर घेऊन कुकरसमोर बसायचा. आई परत यायची तेव्हा घरभर करपल्याचा वास, आणि तुम्ही कुकरकडंच बघत बसलेले. "लक्ष कुठं असतंय वो तुमचं?" ती ओरडायची. "मोजताना चुकलो," तुम्ही म्हणायचा. पुढं तर तुम्ही कुकरच्या दांडीवर बोट ठेवून बसायला लागला, चटका बसला तरी काढायचा नाही, आणि आम्हाला वाटायचं म्हातारपणात हे नवीनच खूळ. शिट्टीला दांडी थरथरते, हे मला आता कळतं. टेस्टिंग सोडून तुम्ही गेटवरची नोकरी मागून घेतलीत तेव्हा घरात सांगितलंत, "धूर सोसंना." तुम्हाला वेंधळा म्हटलेलं चाललं, तुसडा म्हटलेलं चाललं, जावयाचं बोलणं चालू असताना तुम्ही उठून जाता म्हणून पाहुण्यांत नाव झालं तेही चाललं. बहिरा कुणी म्हणू नये एवढंच तुम्ही शेवटपर्यंत सांभाळलंत. आईला कळलं होतं का, मला माहीत नाही. ती फार मोठ्यानं बोलायची, पण कोल्हापुरात त्यावरून काही ठरवता येत नाही.

पंप नवा बसवला. त्यानंतर कार्बोरेटर बघायला घेतले, कारण गाडी स्लोवर लंगडत होती. नळी कानात घातली आणि दुसरं टोक तोंडाशी धरलं. काही नाही. डावीकडं नेलं, काही नाही. नळी फुंकून बघितली, चोंदलीय का म्हणून. चोंदलेली नव्हती. इंजिनाची भडभड सगळी येत होती, फक्त तिच्यातला तो बारीक धागा कुणीतरी उसवून नेला होता. त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, गाडी आणतो म्हणून. मी सांगितलं, सध्या कामाचा लोड आहे. परत फोन आला, परत तेच सांगितलं. उपकरण मागवता आलं असतं. पण ते दारात आलेलं लोकांनी बघितलं असतं, आणि मी स्वतः बघितलं असतं. गाडी तशीच झाकून ठेवली. वाटलं, कान गेले तर मी ही गाडी कोण म्हणून ठेवायची? पैसेवाला माणूस गाडी ठेवतो आणि दुसऱ्याकडनं करून घेतो. मी तसला नाही. मी ती केली म्हणून ती माझी.

कव्हर काढलं ते बायकोनं. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आणा ती नळी. मी ऐकते, तुम्ही फिरवा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"चिमणी कुणाला कळली?"

तिला नळी दिली. पदर खोचून ती उघड्या बॉनेटखाली इंजिनावर ओणवी झाली, डोळे बारीक केले. मी विचारलं, कसा येतोय. म्हणाली, "उजवीकडचं, दूध उतू जायच्या आधी करतंय, तसं करतंय. डावीकडचं अजून तापाय लागलंय." असलं माप मॅन्युअलमध्ये नाही. मी स्क्रू हलवला. "उलटं फिरवलासा." परत हलवला. "जरा. अजून जरा. बस बस बस, गेलं पुढं." या कामात मी कधी कुणाला नळीला हात लावू दिला नव्हता, अप्पा, आणि आता मी स्क्रूड्रायव्हर धरून तिच्या तोंडाकडं बघत उभा होतो, ती काय म्हणते म्हणून. शेवटी ती नळी इकडून तिकडं, तिकडून इकडं नेत राहिली आणि म्हणाली, "आता दोन्हीकडं एकच भांडं." मी बॉनेट लावून त्याच्यावर तळहात ठेवला. थरथर गेली होती. ती हात धुवायला आत निघून गेली, आणि मी गाडीजवळ बराच वेळ थांबलो, कारण लगेच आत जायला नको वाटलं.

नंतर तिनंच कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. काचेच्या एका बंद खोलीत बसवतात, कानावर डबे चढवतात, आणि आवाज आला की बटण दाबायचं. समोर एक पोरगी मशीनवर होती. तिचा हात हलला की मी बटण दाबत होतो. थोड्या वेळानं ती आत आली आणि म्हणाली, "काका, तिकडं तोंड करून बसा बघू." बायको बाहेर बाकावर होती, तिला सगळं दिसत होतं. खुर्ची फिरवल्यावर फार वेळ मला काही दाबावं लागलं नाही. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडनं बरी येते आणि मग टेकडी उतरल्यासारखी खाली जाते. बारीक आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत, कानातल्या मशीननं माणसांचं बोलणं जरा नीट ऐकू येईल, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "वडिलांना, कुणाला ऐकायला कमी येत होतं का?"

मी म्हणालो, नाही.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मामंजींचं सांगायचं की. मला येऊन महिना झाला नव्हता तवाच कळलं होतं." मी म्हणालो, "त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं न्हाय. मी कशाला सांगू?" तिनं मान हलवली. तिला ते पटलं, उलट बरं वाटलं असं दिसलं, बापाची झाकली मूठ पोरानं झाकून ठेवली म्हणून.

हे मी घरात बोलू शकत नाही आणि हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून लिहितो. मी तुमच्यासाठी 'नाही' म्हणालो नव्हतो, अप्पा. त्या खोलीत तुमच्यासारखं दिसायची मला लाज वाटली.