फोकस गेटवर होता

प्रिय आत्या,

वैतागलोय, म्हणून लिहितोय. उद्या तुला जाऊन वर्ष होईल. बाबांना भिंतीवर लावायला तुझा फोटो हवाय, आणि तुझ्याच कॅमेऱ्यात तुझा एकही धड फोटो नाही. सगळे मी काढलेले!

काहींत तू पांढरीफटक, काहींत काळीठिक्कर. आयएसओ, शटर, अ‍ॅपर्चर... एक जमवावं तर दुसरं बिघडतं. कुणी बनवलंय हे? निवृत्त झाल्यावर हौसेनं कॅमेरा घेतलास आणि मॅन्युअल पेन्सिलीनं खुणा करत वाचायला बसलीस. मी व्हिडिओ पुढे ढकलत शिकणारा. "मॅन्युअलला पानं असतात रे, दात नसतात," म्हणायचीस.

इंजिनिअरिंग मधेच सोडलं तेव्हा घरातले सगळे तुटून पडले होते. तू मात्र कॅमेरा माझ्या हातात दिलास. "हे तरी शेवटपर्यंत शीक." म्हणजे टोमणा होताच! तुमच्या कोथरूडात टोमण्याशिवाय माया करतात कुठे?

ती संध्याकाळ आठवते? सोसायटीच्या बाकावर तू इस्त्रीची साडी नेसून बसलेलीस. मी ऐटीत सांगितलं, तू स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर, असा फोटो काढतो. फोकसचा चौकोन मीच सरकवला. नेमकी तेव्हा मागे गेटपाशी बी विंगमधली मुक्ता गाडी लावत होती. आता चौकोन कुठे गेला असेल, ते काय सांगायचं!

स्क्रीनवर बघितलं तर मुक्ताच्या हेल्मेटचा पट्टासुद्धा स्वच्छ, आणि तू म्हणजे नुसतं धुकं. तू चष्मा पुसून पुन्हा पाहिलंस.

"छान आलाय फोटो. तिचा."

मी भडकलो, कॅमेरा बंद केला आणि तडक निघून गेलो. पण तू दुसरा काढायला का नाही लावलास गं? शिळा पालक आणला तर परत मंडईत पिटाळायचीस मला! एका फोटोसाठी हाक मारवली नाही? त्याच आठवड्यात तुझं हृदय बंद पडलं.

आज मुक्ताचा मेसेज आला. तो फोटो तेव्हाच तिला पाठवला होता; त्यानंतर वर्षभर ज्याची वाट पाहिली, तो. गेटजवळच्या त्या फोटोची मूळ प्रत अजून आहे का, आईला बायोडेटासाठी आवडलाय. लग्नाच्या बायोडेटासाठी, आत्या! पुन्हा खाली, "फक्त काकूंना कट कर हं, प्लीज."

मोबाइल भिंतीवर आपटणार होतो. नाही आपटला. कापायलाच बसलो.

तुला कापायचं म्हणून फोटो मोठा केला, आणि पहिल्यांदा तुझ्याकडे बघितलं. तू हसतेयस! बाकी सगळ्या फोटोंत तू आधार कार्डाला बसल्यासारखी. इथे मान कलती, खांदे उडालेले, खदखदून हसतेयस. म्हणजे मी बटण दाबायच्या आधीच तुला कळलं होतं ना, माझं लक्ष कुठे आहे ते?

मुक्ताला तिचा तुकडा पाठवला. उत्तरादाखल नुसता अंगठा आला. मग मूळ फोटोतून मी तिला कापलं आणि उरलेला बाबांपुढे धरला.

"अरे, हिचं नाक कुठेय यात?" बाबा म्हणाले. माझा आवाज चढणारच होता, पण त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "अशीच हसायची," एवढंच म्हणाले, आणि फ्रेमवाल्याकडे जायला चपला घातल्या.

उद्यापासून तू भिंतीवर धूसरच राहणार आहेस. चालवून घे. मॅन्युअलमधली तुझी पेन्सिलीची शेवटची खूण सापडलीय. तिथून पुढे मी वाचतोय, पार शेवटच्या पानापर्यंत वाचणार. आणि शब्द देतो, यापुढे चौकोन समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवरच ठेवीन. मागे गेटवर कुणीही येऊ दे.

तुझा तापट भाचा,
अनिकेत